टिपणीसांचं मेण

टिपणीस पहिल्यांदा आमच्या दारात आले ते बाळाची दुधाची बाटली गरम करायचं मशीन मागायला. त्यांच्या घरात बाळ नव्हतं. पन्नाशी ओलांडलेला, सहा फूट उंच माणूस, डोक्यावर मोजके केस आणि जपानमधल्या त्सुकुबाच्या ऐन थंडीत पायात नुसत्या चपला.

"वहिनी, तुमचा मुलगा आता पेल्याने पितो असं ऐकलं."

"हो."

"म्हणजे मशीन रिकामं असेल."

"तुम्हाला कशाला हवंय?"

"मेणाला," ते म्हणाले. जणू मेण हे त्यांचं धाकटं अपत्य होतं आणि त्याची दुधाची वेळ झाली होती.

मला स्वतःचं नाव आहे. आमच्या अख्ख्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, आणि त्या पदवीवरच या देशापर्यंत आले. पण सचिनची बायको म्हणून टिपणीसांच्या लेखी मी वहिनी, ते कायमचंच. मशीन दिलं. वर विचारलं, मेण म्हणजे काय भानगड?

भानगड सायकलच्या चेनची होती. इथे त्सुकुबात सगळे सायकली चालवतात. विद्यापीठ, संशोधन संस्था, बाजार, सगळं सपाट जमिनीवर आणि लांब लांब. चेनला लोक तेल घालतात. टिपणीस मेण घालत. चेन काढायची, घासून स्वच्छ करायची, पूर्ण वाळवायची आणि वितळलेल्या मेणात बुडवून ठेवायची. बुडबुडे थांबले की आत शेवटच्या कडीपर्यंत मेण गेलं. मग हँगरला लटकवून गार करायची. तेलाला धूळ चिकटते, मेण कोरडं बसतं. माझे वडील इचलकरंजीत मागावर होते, वंगणाशिवाय यंत्र कसं रडतं हे मी झोपेत ऐकत मोठी झाले, त्यामुळे इतपत मला पटलं. पण वडील कुपीतून चार थेंब सोडत आणि पुढच्या कामाला लागत. वंगणासाठी कोणी घरचं इस्त्रीचं टेबल कायमचं अडवून बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्या इस्त्रीच्या टेबलाला टिपणीस 'बेंच' म्हणत. त्यांचा सगळा जीव एकाच प्रश्नात अडकला होता: मेण घरच्या घरी, धोका न पत्करता, कशावर वितळवायचं? सुरुवातीला त्यांनी सरळ गॅसवर पातेलं ठेवलं होतं. मेण तापून धुरावलं आणि छतावरचा अलार्म सुरू झाला. इथले अलार्म नुसते वाजत नाहीत, बोलतात. एक बाई अत्यंत सभ्य आवाजात "काजि देस, काजि देस" म्हणजे "आग लागली आहे" असं सांगत राहते. इमारतीची देखभाल करणारे कुरोदा-सान आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत वर आले. आग नव्हती. टिपणीस एवढं वाकले की कुरोदा-साननाच त्यांना सरळ करावं लागलं.

तेव्हापासून ज्योत बंद. "मेणाला आग दिसताच कामा नये," हा पहिला नियम. दुसरा नियम, मेणाचा डबा नेहमी गरम पाण्यात ठेवायचा, आणि पाण्याचा एक थेंबही मेणात पडू द्यायचा नाही. तिसरा नियम म्हणजे त्यांचं पालुपद. ते मान तिरकी करून, एक बोट वर धरून म्हणत, "वितळलं पाहिजे, तापलं नाही पाहिजे."

या तीन नियमांत बसणारी प्रत्येक वस्तू त्यांनी वापरून पाहिली. भाताच्या कुकरमध्ये स्टीलचा डबा ठेवला, तर पुढचे कित्येक दिवस भाताला मेणबत्तीचा वास. कोतात्सूच्या, म्हणजे हीटरवाल्या बैठ्या टेबलाच्या, पांघरुणाखाली डबा ठेवला, तर दुपार गेली आणि मेण नुसतं मऊ पडलं. चॉकलेट वितळवायचं एक भांडं जुन्या बाजारात मिळालं, ते इतकं लहान की चेन जिलबीसारखी वेटोळी करून बसवावी लागे. आमचं बाटलीचं मशीन त्यांना सर्वांत पसंत पडलं, कारण पाण्याला ठरावीक ऊब आली की ते स्वतःहून थांबायचं. "याला अक्कल आहे," ते कौतुकाने म्हणाले. माणसांबद्दल इतकं चांगलं बोलताना मी त्यांना ऐकलं नाही.

शिकलेल्या माणसाने वेडेपणासुद्धा शिस्तीत करावा असं माझं मत आहे, आणि त्या कसोटीवर टिपणीस पहिल्या वर्गात पास होते. फक्त एकदा शिस्त नडली.

उरलेलं मेण ते वाया घालवत नसत. गार होण्यापूर्वी साच्यात ओतून त्याच्या वड्या करून ठेवत, आणि घरात साचा होता तो मोदकाचा. पांढरेशुभ्र, कळ्या उमटलेले, देखणे मेणाचे मोदक. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीला त्यांनी नैवेद्याचे मोदक करायचं कबूल केलं होतं. ते केलेही. ऑफिसचा फोन आला म्हणून त्यांनी सचिनला सांगितलं, "बेंचवरचा डबा घेऊन पुढे व्हा, मी आलोच." बेंचवर डबे दोन होते.

आरती झाली. नैवेद्य दाखवला. कोणीतरी वरून सढळ हाताने तूप सोडलं. सचिन भुकेला होता, त्याने मोठा घास घेतला आणि थांबला.

"सारण कुठंय?" तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. दात मेणात रुतले होते.

तेवढ्यात टिपणीस दारातून आत आले. त्यांनी ताटाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, तूप घातलंत? गेलं! आता हे मेण चेनला चालायचं नाही!"

सचिनचं काय, हा विचार त्यांना घरी गेल्यावर सुचला असावा. खरे मोदक घेऊन संध्याकाळी आले, माफी मागितली आणि जाता जाता सचिनच्या सायकलची चेन काढून घेऊन गेले. त्यांची माफी मागायची पद्धत ती; तेव्हापासून दर दोन महिन्यांनी ती चेन मेणासाठी त्यांच्याकडे जाते.

टिपणीस एकटे राहत. बायको दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या आजारपणासाठी पुण्याला गेली ती तिकडेच अडकली. मुलगी इरा इथेच वाढलेली. बाप मराठीत विचारी, ती बहुतेक जपानीत उत्तर देई, आणि दोघांचं काम चाले. गेल्या वसंतात ती विद्यापीठासाठी सापोरोला गेली. तिची सायकल खाली पार्किंगमध्ये राहिली: शाळकरी मापाची, फिकट गुलाबी, पुढे टोपली, घंटीवर स्ट्रॉबेरीचं चित्र.

यंदा मार्चमध्ये कुरोदा-साननी पार्किंगमधल्या प्रत्येक सायकलच्या हँडलला पिवळी चिठ्ठी बांधली. हे दर वर्षी होतं. सायकल वापरात असेल तर वापरणाऱ्याने चिठ्ठी काढायची. महिनाअखेर जिच्यावर चिठ्ठी राहील ती बेवारस समजून गाडीत घालून नेतात.

महिना सरत आला. पार्किंगमध्ये एकाच सायकलवर चिठ्ठी होती. मी मुलाला पाळणाघरात सोडायला निघाले होते. टिपणीस गुलाबी सायकलसमोर चपलांत उभे.

"काढा की ती," मी म्हटलं.

"वापरणाऱ्याने काढायची आहे."

"कोण बघतंय?"

"मी बघतोय ना, वहिनी."

"मग इराला विचारा."

त्यांनी तिथेच फोन लावला, स्पीकरवर. सगळं समजावून सांगितलं. पलीकडे कसलीशी गडबड, हसणं, आणि इराचा आवाज आला, "सुतेते इइ यो, बाबा. आय डोन्ट नीड इट. मी पळते हं, क्लास आहे."

फोन बंद झाला. सुतेते इइ म्हणजे टाकून द्या, चालेल. एवढं जपानी इथल्या कचऱ्याच्या वर्गीकरणामुळे सगळ्यांना येतं.

"तिला सांगा ना, की तुम्हाला ठेवायची आहे."

त्यांचं बोट सवयीने वर गेलं. "नको. वितळलं पाहिजे, तापलं नाही पाहिजे." मग बोट खाली घेऊन, सायकलच्या चेनकडे बघत, हवामान सांगावं तसं बोलले. "सातवीत होती. शाळेचे पांढरे मोजे. चेनच्या तेलाचा डाग पडला घोट्यावर, मुली काहीतरी बोलल्या. घरी येऊन रडली. सगळं जपानीत रडली, मला निम्मंही कळलं नाही. डाग तेवढा दिसला. मग म्हटलं, तेल बंद."

मुलगा माझा हात ओढत होता.

"मेण घातल्यावर चेनचा आवाजही बंद झाला. पूर्वी करकर ऐकून कळायचं, आली. मग कळेना. म्हणून बाल्कनीत उभा राहायचो. ती सायकल लावून वर बघायची. हात नाही हलवायची, मैत्रिणी असायच्या ना. नुसती बघायची."

एवढं सांगून ते वर गेले.

महिन्याच्या शेवटच्या सकाळी मी आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. आमची आणि टिपणीसांची बाल्कनी शेजारी शेजारी, मध्ये पातळ भिंत. खाली टिपणीस गुलाबी सायकलवर. गुडघे हँडलच्या वर येत होते, कोपरं बाहेर, टोपलीत कोम्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, आणलेला पाव. हाफ पँट, आणि पायात, मी पहिल्यांदाच पाहत होते, पांढरे मोजे. नाक्यापर्यंत जाऊन, वळून ते परत आले. सायकलचा जरासुद्धा आवाज नव्हता.

कुरोदा-सान झाडू घेऊन बघत उभे होते. टिपणीसांनी सायकल त्यांच्यासमोर उभी केली, खिशातून कात्री काढली आणि चिठ्ठी कापून दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली. दोघे वाकले. कुरोदा-सान हसले नाहीत. हे मला त्यांच्याबद्दल आवडलं.

ते गेल्यावर टिपणीसांनी सायकल जागेवर लावली. एक पाय उचलून घोट्यावरचा मोजा नीट निरखला. मग दुसरा. डाग नव्हता. आणि मग मान उचलून त्यांनी वर पाहिलं, त्यांच्या स्वतःच्या बाल्कनीकडे.

तिथे कोणी नव्हतं. हँगरला सचिनच्या सायकलची चेन तेवढी लटकत होती.

माझे हात ओले होते. मी टॉवेल दोरीवर टाकला आणि कठड्याशी जाऊन हात हलवला.