अंधारासुरवध आणि तरवारीच्या कुंकवाची कैफियत

श्रीगजानन प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, मुक्काम नाशिक रोड, मजला तिसरा, लिफ्ट बंद. ते दिवशीं जें घडलें तें पदरचें तिखटमीठ न घालितां लिहिलें ऐसें जे:

राजमान्य राजेश्री किशोरपंत हे कागदी रणांगणाचे खावंद. मंडळींनी कागदावर आपापला वीर लिहावा, फासे टाकोन लढावें, आणि किशोरपंतांनी त्यांजवर राक्षस सोडावे, ऐसा सुटीचे दिवशींचा शिरस्ता. पैकी गोरक्षराव सिन्नरकर यांणी तडाखोजी नामें वीर तीन वर्षें पोटच्या पोराप्रमाणें वाढविला. त्यास अंधारासुरानें घेरिलें, आणि वीराचा एका घावापुरता जीव उरला, आणि घरचा कायदा ऐसा की, मंतरलेल्या हत्यारावांचून राक्षसास इजा नाहीं, आणि मेल्या वीराचा कागद जागींच फाडावा. तडाखोजीची तरवार साधी. गोरक्षरावांचे डोळे भरोन आले. आम्हांसही फार वाईट वाटलें.

मग जादूगारीण खेळविणाऱ्या निकिताबाईंनीं कागद न्याहाळिला, तों तरवारीच्या चित्रावर हळदकुंकू! कागदांची फाईल सालभर किशोरपंतांचे कपाटांत. सबब त्यांच्या मातोश्री आक्काबाईसाहेब यांस मुदपाकखान्यांतून पाचारण जाहलें. त्यांणी जबानी दिल्ही,

"सकाळी पाना-पक्कड, विळी पुजली, त्यातच तुमचे कागद ठेवले. तरवार काढलीये ना? मग हत्यारच हाय ते."

किशोरपंतांनी उजूर केला की, पूजा निराळी आणि मंत्र निराळा. त्यावर मातोश्री झारा हातांत घेऊन वदल्या,

"मंतर म्हणलाय मी. माझी पूजा काय खोटी हाय?"

बिघाड करावा तर बासुंदीची रसद तुटते. मग नाइलाजें फर्मान सुटलें की, दसऱ्यास पुजलेलें हत्यार सालभर मंतरलेलें समजावें, आणि घावास एक फासा जाजती द्यावा.

गोरक्षरावांनी दोन फासे टाकिले. पांच आणि सहा. अंधारासुर जागींच गारद जाहला, आणि तडाखोजी वांचला, आणि गोरक्षराव आक्काबाईसाहेबांच्या पायां पडले.

सायंकाळीं मंडळी सोनें वाटोन पांगली. मग किशोरपंतांनी उरल्या राक्षसांच्या गदेचा कागद गुपचूप मातोश्रींपुढें सारिला,

"आई, हिला पण लाव ना थोडं."

"मुहूर्त गेला आता. पुढच्या दसऱ्याला बघू."

येणेंप्रमाणें तडाखोजीची फत्ते रुजू, आणि राक्षसांची गदा सालभर कोरी, ऐसें दफ्तरीं दाखल असे.