गोफणवाला यंत्रमानव

विज्ञान प्रदर्शनासाठी मुलीला यंत्रमानव करून द्यायचा, असं मी चौऱ्याऐंशी साली चहा पिता पिता ठरवलं. (माझे सगळे घातक निर्णय चहा पितानाच झालेत; लग्नाचासुद्धा.) स्पर्धा साधी होती. यंत्रमानवाने दहा फुटांवरच्या टोपलीत चेंडू टाकायचा, संधी तीन. पण आमच्या चंद्रकलाच्या गेल्या वर्षीच्या ज्वालामुखीने परीक्षक जेवायला गेल्यावर धूर सोडला होता. यंदाही फजिती झाली, तर विज्ञान सोडणार म्हणून ती हटून बसलेली. म्हणजे पोरीचं शिक्षण माझ्या, लाखांदूरच्या एका कारकुनाच्या, बुद्धीवर येऊन ठेपलं. हे ऐकून सत्यवतीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, देवाजवळ दिवा लावला.

तेलाच्या डब्याचं धड केलं, लाकडी हाताला सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं आणि टोकाला वरणाचा डाव बांधला. पहिला चेंडू कौल फोडून गेला. दुसरा शेजारच्या मधुकररावांच्या ताटात सापडला. रबर सैल केलं, तर चेंडू डावातून उतरायलाच तयार होईना. चंद्रकला रडकुंडीला आली.

तेवढ्यात एकोडीहून सासूबाई आल्या. केशरबाईंचा जन्म धानावरचे पोपट गोफणीने हाकलण्यात गेलेला. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि जावयाचा मान राखून हळूच म्हणाल्या, "जवाई, जोर लय हाये. पन सोडाचं कवा, थे तुमच्या मानसाले समजून नाही राहिलं."

डाव स्वयंपाकघरात परत गेला. सासूबाईंनी लाकडी हाताला छोटी गोफण बांधली. एक दोरी पक्की, दुसरीचा फास हाताच्या टोकावरच्या खिळ्यात नुसता अडकवलेला. हात फिरला की फास निसटतो आणि चेंडू सुटतो. कधी सुटायचा, ते खिळ्याच्या वाकावर. सासूबाईंनी सांगितलं म्हणून मी मागे उभा राहून निरीक्षण करू लागलो. फास लवकर निसटायचा, चेंडू मागे यायचा. (निरीक्षण कपाळाने झालं.) दुपारी चेंडू टोपलीत पडला, तेव्हा मला टोपल्या दोन दिसत होत्या.

प्रदर्शनात तीन चेंडू, तिन्ही टोपलीत! पहिला नंबर आणि भंडाऱ्याच्या जिल्हा प्रदर्शनाला निवड. चंद्रकला नाचत होती आणि मी सरळ रडलो, लाजलो नाही.

खिळ्याचा इतका नेमका वाक कसा काढला, असं परीक्षकांनी विचारलं. मी घसा खाकरून पुढे झालो. चंद्रकलाने आजीकडे बोट दाखवलं. सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला.

"जवायाले मागं उभं केलं होतं. चेंडू कपाळावर बसला का खिळा जरासा वाकवाचा. बसाचं बंद झालं, तवा जमलं."

परीक्षकांनी गंभीरपणे वहीत लिहून घेतलं: 'साहित्य – डबा, रबर, दोरी, खिळा, वडील.'