पाच मिनिटांचे डॉक्टर

दातांच्या डॉक्टरांच्या तोंडी एकच वाक्य असायचं: "पाच मिनिटं." पेशंटला तेच, बायकोला तेच, आणि गॅसवर उतू चाललेल्या दुधालाही तेच. त्यामुळे मुलीचं नाटक बघायला ते पोचले पडदा पडल्यावर, आणि तिने शर्यत जिंकल्याचं त्यांना कळलं बक्षीस घरी आल्यावर.

म्हणून त्या दिवशी मुलीने बजावलं, "बाबा, सरांची दाढ ठणकतेय. आज कराटेचा वर्ग मी घेणार आहे. पहिल्यांदाच. आज तरी वेळेवर ये."

"आलोच समज," डॉक्टर म्हणाले. लेकीच्या हट्टापायी तेही त्याच वर्गात जात. लेकीचा पट्टा तपकिरी, यांचा अजून पांढराच.

संध्याकाळी नेमका एक दात निघता निघेना. उशीर झाला. बाहेर बाकावर कोण बसलंय हेही न बघता त्यांनी मदतनीस बाईंना "सगळ्यांना पाच मिनिटं सांगा" म्हटलं आणि मागच्या दाराने सटकले.

वर्ग सुरू झाला होता. उशिरा येणाऱ्याने दाराशी गुडघे टेकून गप्प बसायचं आणि वर्ग घेणाऱ्याने बोलावल्याशिवाय आत यायचं नाही, असा तिथला नियम. डॉक्टर बसले. मुलीने पाहून न पाहिल्यासारखं केलं. डॉक्टरांना फार वाईट वाटलं, कारण तिचं बरोबर होतं.

बऱ्याच वेळाने शेजारी आणखी कुणीतरी गुडघे टेकले. गालावर हात धरून साक्षात सर.

"सर, तुम्ही कशाला बसताय?" डॉक्टर कुजबुजले.

"नियम मीच केलाय. मीच मोडला तर सांगू कुणाला?"

"पण दाढ दाखवायला जाणार होतात ना?"

"गेलो होतो. पाच मिनिटं थांबा म्हणाले. तिथली सगळी मासिकं वाचून झाली, मग उठलो."

"असतात हो असे काही डॉक्टर," डॉक्टर कळवळून म्हणाले. "कुठला दवाखाना?"

सरांनी गालावरचा हात काढून त्यांच्याकडेच बोट दाखवलं.

तेवढ्यात मुलगी दाराशी आली. सरांना कमरेत वाकून नमस्कार करून तिने आत घेतलं. मग वडिलांकडे वळली. घरातलं अरे-तुरे वर्गात चालत नसे.

"दाराशी बोलायचं नसतं. तुम्ही थांबा. पाच मिनिटं."

ती पाच मिनिटं डॉक्टरांच्याच पाच मिनिटांसारखी लांबली. इथे सटकायला मागचं दार नव्हतं, म्हणून ते बघत राहिले. घरी स्वतःचा कप न उचलणारी मुलगी एका चिमुरडीचं कोपर हळूच सरळ करत होती. तिच्या एका शब्दावर सगळी रांग वळत होती. डॉक्टरांना भरून आलं. आजवर आपण काय काय चुकवलं, ते त्यांना आत्ता कळलं.

वर्ग सुटला. मुलगी समोर येऊन उभी राहिली.

"बघितलंस?"

"सगळं."

"मग ऊठ आता. सरांची दाढ बघायचीय."

सर गालावर हात धरून, चपला घालून तयारच होते. डॉक्टर उठायला गेले, तर गुडघ्याखाली नुसत्या मुंग्या.

"पाच मिनिटं," ते म्हणाले. या खेपेला ते अगदी खरं बोलत होते. पण कुणी विश्वास ठेवला नाही. लेकीने एक दंड धरला, सरांनी दुसरा.