आबांची दुसरी बॅटरी

मारुतीआबा गाडी सुरू करतात तेव्हा त्यांचा एक पाय बाहेर, जमिनीवर असतो. दार उघडं, इंजिन चालू, नाक वर, आणि चेहरा असा की आता काहीतरी पेटणारच. शेजारी बसणाऱ्यानंही तसंच बसायचं. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा दोन्ही पाय आत घेऊन दार लावून टाकलं. आबा किंचाळलेच, "ए गड्या! पाय भाईर! आदी वास घिऊ दे!"

आबा विट्याच्या पलीकडचे, कोरड्या मुलखातले. सैन्यात ड्रायव्हर होते. तिथं एकदा त्यांच्या डोळ्यांदेखत एक ट्रक जळाला. कारण काय, तर पत्र्यावर घासलेली एक तार. माणसं वेळेवर उतरली म्हणून वाचली. त्याविषयी आबा फार बोलत नाहीत, पण ती तार त्यांच्या डोक्यातून गेलेली नाही. कुपवाडला ते माझ्या शेजारी एकटेच राहायचे. मोबाइल चार्जिंगला लावला की समोर खुर्ची टाकून बसत, शेगडीवर दूध ठेवल्यासारखे. गिझरला ते नावानं हाक मारत नाहीत, 'त्यो बाँब' म्हणतात. ही भीती साथीसारखी लागते. कामावर निघताना मीही स्विचबोर्डाला नाक लावू लागलो. बायको म्हणाली, "तिथं काय मोगरा फुललाय का?"

असा माणूस एके दिवशी मला म्हणाला, "गाडीत मोठा स्पीकर बसवायचा हाय. लय मोठा. डिकीत त्याच्यासाठी दुसरी बॅटरी."

मला वाटलं, उन्हात फिरून आले असतील.

गाड्यांना साउंड बसवणाऱ्या अस्लमकडे आम्ही गेलो. पुढच्या बॅटरीपासून डिकीतल्या बॅटरीपर्यंत त्यानं बोटाएवढी जाड तार ओढली आणि पुढं एक फ्यूज बसवला. आबांनी डिकीत डोकं घातलं. "मागचा फ्यूज कुटं हाय?"

"आवं आबा, एक बास हाय की. काय झालं तर त्यो उडतोय."

"पुढचा उडंल. मागच्या बॅटरीचं काय? दोन हिरी हायत, मदी एक पाइप. पाइप मदीच फुटला आन् तू एकाच हिरीची मोटर बंद केलीस, तर पाणी थांबतंय व्हय रं?"

अस्लम हसला. "मी कितीक गाड्या केल्या, आबा. आजवर एक पेटली न्हाई."

"माजी पयली पेटंल."

मग आबांनी त्याचा जीव खाल्ला. दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभर अंतरावर एकेक फ्यूज. फ्यूज तारेला झेपेल एवढाच, स्पीकरला हवा तेवढा नाही. पत्र्याच्या भोकात रबराची कडी. डिकीतली बॅटरी सीलबंद, वर झाकण, पट्ट्यानं आवळलेली. स्पीकरच्या मशीनला, म्हणजे अँप्लिफायरला, वेगळा फ्यूज. सगळं बसल्यावर आबांनी डिकी गदागदा हलवली आणि पुन्हा वास घेतला. अस्लम माझ्या कानात पुटपुटला, "ह्येंना बैलगाडी घिऊन द्या."

रविवारी आबा म्हणाले, "मलकापूरला लेकीकडं जायचंय. काकीला आणायची हाय. चल संगं." काकी म्हणजे आबांची बायको, एवढंच मला ठाऊक होतं. मी कुपवाडला आलो त्याच्या आधीपासून त्या लेकीकडे होत्या.

वाटेत गाणं लावू देईनात. "आदी पोचू दे."

पेठ नाक्याच्या पुढं माझे पाय अवघडले. मी सीटखालची दांडी ओढून सीट मागं सरकवली. पायाखाली काहीतरी करकरलं. बॉनेटकडून टक् झालं, आणि लगोलग डिकीतून टक्. जळक्या रबराचा वास आला.

"उतर!" आबांनी गाडी कडेला घातली. "उतर, उतर, उतर!"

माझा पट्टा सुटेना. बोटं बटणावर होती, पण बोटांत जीवच नव्हता. आबा स्वतः उतरले होते, ते वळसा घालून पळत आले, आत वाकले, पट्टा सोडवला आणि मला दंडाला धरून ओढलं. आम्ही थेट उसाच्या बांधावर जाऊन थांबलो. आबांचे ओठ पांढरे पडले होते. गाडीकडे बघत ते एकच बोलत होते, "धूर येतोय का? बघ की रं. धूर येतोय का?"

धूर आला नाही.

बऱ्याच वेळानं आबा पुढं झाले. मला येऊ दिलं नाही. सीटच्या रुळाच्या धारेनं गालिच्याखालची तार कापली होती, आतलं तांबं रुळाला टेकून काळं पडलं होतं. दोन्ही फ्यूज उडालेले. मागचा नसता तर डिकीतली बॅटरी त्या तांब्यातून वाहत राहिली असती, थेट माझ्या बुडाखाली. आबांनी तार दोन्हीकडून सोडवली, टोकांना टेप गुंडाळली आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसले. मी फोन करून अस्लमला सांगितलं. तो म्हणाला, "आबा बरं हायत न्हवं?"

मलकापूरला काकी दारातच उभ्या होत्या. मी नमस्कार करून "बऱ्या आहात का?" विचारलं. त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. लेकीनं सांगितलं, तापात आईचे दोन्ही कान गेले. कानाचं मशीन लावूनही उपयोग झाला नाही. तेव्हापासून ती कुठं यायला-जायलाच तयार नसते.

आबांनी काकींना मागच्या सीटवर बसवलं आणि मोबाइल काढला.

"आबा, आज नको," मी म्हटलं.

"मागची बॅटरी आता एकटीच हाय. स्पीकरच्या मशीनचा फ्यूज शाबूत हाय. बघितलाय मी."

त्यांनी लावलं ते गाणं नव्हतं, धनगरांच्या गजी नाचाचा ढोल होता. गावच्या बिरोबाच्या जत्रेत त्यांनीच मोबाइलवर भरून आणलेला. पहिल्याच ठोक्याला सीट हादरली. काकी दचकल्या. त्यांनी एक तळवा सीटवर ठेवला, मग दुसरा. मग पाठ नीट टेकवून डोळे मिटले.

"ढोल!" त्या मोठ्यांदा म्हणाल्या, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा. "आवं, आपल्या बिरुबाचा ढोल! मोठा करा की!"

आबांनी आवाज वाढवला. काचा थरथरल्या, माझे दात थरथरले. मी मान वळवून डिकीकडे बघत होतो, धूर येतोय का म्हणून. आबा आरशात काकींकडे बघत होते.