निरोप आणि मक्याचं गरम डिप

कार्यालयाची खरी योग्यता फायलींवरून ठरत नाही. समारंभाच्या दिवशी बशीत काय पडतं, त्यावरून ठरते. या कसोटीवर त्या कार्यालयाचं नाव मोठं होतं, कारण तिथल्या आवक-जावक बाई भरपूर चीज घालून मक्याचं गरम डिप करत. एकतीस वर्षांत बाईंनी साडेचार लाख पत्रं नोंदवली (एकही हरवलं नाही, म्हणून कुणाच्या लक्षात राहिलं नाही) आणि अठ्ठावीस समारंभांना डिप केलं (ते सगळ्यांच्या लक्षात होतं).

मग बाई निवृत्त व्हायची वेळ आली. जिचा निरोप तिनेच शेगडीपाशी उभं राहणं बरं दिसत नाही, असं साहेबांना वाटलं, ही त्यांच्या मनाची थोरवी. डिपसाठी पाच जणांची समिती नेमली गेली. तिच्या चार बैठका झाल्या: दाणे ताजे की गोठवलेले यावर दोन, ढोबळी मिरची किती बारीक यावर एक, आणि चौथी आधीच्या तिन्हींचं इतिवृत्त मंजूर करायला. बाईंनाच विचारू या, असं टंकलेखक म्हणाला. पण सत्कारमूर्तीला त्रास नको, म्हणून सूचना फेटाळण्यात आली.

बाई मनातून सुखावल्या होत्या. समारंभात त्या पहिल्यांदाच खुर्चीत बसणार होत्या. त्यांनी नव्या चपला घेतल्या आणि चार वाक्यांचं भाषण आरशासमोर पाठ केलं.

साडेचारला समारंभ सुरू झाला. दहा मिनिटांत समितीने पातेलं आणलं. चीजचा एकच चिवट गोळा झाला होता, दाणे त्यात अडकून पडले होते, वर पिवळं पाणी तरंगत होतं. लेखापालांनी चमचा घातला. तो उभाच राहिला. सभेवर शोककळा पसरली. (बाईंच्या निवृत्तीचं कळलं तेव्हा एवढी पसरली नव्हती.)

साहेब बाजूच्या खुर्चीकडे झुकले. "बाई, तुम्ही जरा बघता का?"

बाई उठल्या. हातातला गुच्छ ठेवायला जागा मिळेना, तेव्हा तो काखेत धरूनच त्या चहाच्या खोलीत गेल्या. उरलेले दाणे, दूध, चीज पुढे ओढलं आणि दार लोटून घेतलं. कार्यक्रमपत्रिका काटेकोर पाळणारं कार्यालय असल्याने भाषणं थांबली नाहीत. आपली निष्ठा, आपला साधेपणा, आपला हसतमुख स्वभाव असं बाईंना दाराआडून तुटक-तुटक ऐकू येत होतं. ढवळता हात मात्र थांबवता येत नव्हता.

त्या वाफाळतं डिप घेऊन बाहेर आल्या तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी घसा खाकरला. पण तोवर सगळे पातेल्याभोवती गोळा झाले होते, आणि भरल्या तोंडांपुढे बोलणं त्यांना जमेना. अहवालात नोंद झाली : 'निरोप हृद्य झाला. डिप पुरलं.'

पंधरा दिवसांनी साहेबांचा फोन आला. बाईंचा ऊर भरून आला. साहेबांनी प्रकृतीची चौकशी केली (चार सेकंद) आणि डिपची कृती विचारली. बाईंनी ती सावकाश, लिहून घेता येईल अशी सांगितली. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. आलेलं पुढे पाठवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी आपल्यापाशी ठेवून घेतलं.

ती गोष्ट कोणती, हे तुम्हालाही विचारायचं असणारच. अवश्य विचारा. फक्त आधी प्रकृतीची चौकशी करायला विसरू नका. चार सेकंद पुरतात.