विसरल्याची पोच

युवराजनं घराच्या तळमजल्याला कुलूप लावलं आणि उघडायची सोय आईला दिली नाही, ही बजाबाईंची तक्रार होती. त्यातून ते कुलूप किल्लीचं नव्हतंच, बोटाचं होतं. ज्या बाईनं गवंड्याशी रोज भांडून जुळे सोलापूर या वस्तीतलं हे दुमजली घर उभं केलं, तिचं बोट त्या दाराला ओळखू येत नव्हतं, आणि काल कामाला लागलेल्या पोरीचं येत होतं! आत जायचंच तर दाराशी ठेवलेल्या वहीत नाव लिहा, गाव लिहा, कुणाला भेटायचं ते लिहा, कामाचं स्वरूप लिहा. जेऊरच्या शाळेत दुसरीपर्यंत गेलेल्या बाईला एवढं लिहीपर्यंत आत जायचं कारणच उरत नसे.

तळमजल्यावर युवराजची कंपनी होती. दवाखाने, पतसंस्था, शाळा आपापली कागदपत्रं त्याच्या मशिनांवर ठेवत. ती सांभाळायची आणि कुणाला दिसू द्यायची नाहीत, हा त्याचा धंदा. तो त्याला क्लाउड म्हणे. बजाबाईंच्या मते ते फडताळच होतं, फक्त एसीतलं. आता एका मोठ्या हॉस्पिटलनं सांगितलं होतं की सुरक्षेचं सर्टिफिकेट आणा, मग आमच्या पेशंटची माहिती तुमच्याकडे ठेवतो. ते काम मिळालं तर कंपनी तरली. नाहीतर कंपनीला टाळं, आणि युवराज बायकोला घेऊन परत पुण्याला. तो तिकडं होता ती सहा वर्षं बजाबाई एका माणसाची भाकरी थापत होत्या. एका माणसाची भाकरी नीट फुगतसुद्धा नाही. सर्टिफिकेटची गरज खरी त्यांनाच होती. फक्त ते त्या तोंडानं कबूल करत नव्हत्या.

सर्टिफिकेटसाठी तपासणी करणारा ऑडिटर येण्याच्या आदल्या दिवशी युवराजनं त्यांना समोर बसवून सांगितलं, की तो गोड बोलून काहीही विचारील, पण आपली माहिती कुणाला द्यायची नाही.

"मला शिकवतोस व्हय?" बजाबाई म्हणाल्या. "तुज्या आत्यानं सवताच्या लग्नात खोट्या पाटल्या घातल्या हुत्या. तीस वर्सं झाली. ह्या तोंडातनं बाहेर पडलं का कुटं?"

सून पूनमला हे आत्ताच कळत होतं. दारात विरजण मागायला उभ्या असलेल्या शेजारच्या फुलाबाईंनाही.

ऑडिटर आला तो अजिंक्य नावाचा एकोणतीस वर्षांचा, काडीसारखा मुलगा. सकाळभर त्यानं खालची कुलपं, कॅमेरे, वह्या तपासल्या, आणि दुपारी जेवायला वर आला. पानात कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. पहिला घास घेता घेता त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकू, खाली काय चालतं हो?"

"कुणास ठाऊक बाबा. बर्फाचा कारखाना असंल. लई गार असतंय."

अजिंक्यनं कौतुकानं मान हलवली. युवराजचा श्वास मोकळा झाला आणि तो निर्धास्तपणे खाली निघून गेला. ही त्याची त्या दिवसातली पहिली आणि सगळ्यात मोठी चूक.

कारण आपलं काही द्यायचं नाही, हे बजाबाईंनी पक्कं पाळलं. मग बोलायला दुसऱ्याचंच उरलं. गाव कुठलं? नातेपुते. मामा कुठला, देवक कुठलं, पुण्यात घर भाड्याचं की स्वतःचं, कितव्या मजल्यावर, जन्म दिवसाचा की रात्रीचा? दुसरी भाकरी संपेस्तोवर त्याचा फोन नंबरही त्यांच्याकडे आला होता. निघताना त्यांनी त्याला स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं. युवराजच्या उंचीची खूण तिथं होतीच. हा दोन बोटं वर भरला. सकाळभर दुसऱ्यांची गळती शोधणारा तो मुलगा निमूटपणे पाठ टेकून उभा राहिला, कारण समोर ताकाचा तांब्या धरलेला होता.

तो खाली गेला आणि बजाबाईंनी मोबाइल काढला. लिहायची अडचण होती, बोलायची नव्हती. माहेरच्या, म्हणजे जेऊरच्या, आणि गल्लीतल्या मिळून अकरा बायकांना त्यांनी बोलून निरोप पाठवला, जेवतानाच्या फोटोसकट आणि त्याच्या नंबरासकट. असं स्थळ मशिनांच्या खोलीत वाया चाललेलं त्यांना बघवेना, एवढंच.

खालच्या नियमाप्रमाणे अजिंक्यचा फोन खोलीबाहेरच्या ट्रेमध्ये होता. तो दुपारभर थरथरत राहिला, आणि शेवटी सरकत सरकत टेबलावरून खाली पडला. अनोळखी नंबर बघून त्यानं तो बंद करून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तपासायला पाहुण्यांची वही उघडली. शेवटची नोंद ताजी होती आणि अक्षर सुरेख होतं. नाव: जोतीराम. गाव: जेऊर. कुणाला भेटायचे: ऑडिटरसाहेब. कामाचे स्वरूप: सोयरीक.

जोतीराम पहाटेच्या गाडीनं येऊन बाकावर बसले होते. मांडीवर मुलीची पत्रिका. त्यांनी उठून नमस्कार केला आणि म्हणाले, जन्म चार वीसचा म्हणजे गुण चांगले जुळतायत.

बजाबाईंना खाली बोलावणं गेलं. युवराजचा चेहरा लिंबू पडलेल्या दुधासारखा झाला होता.

"द्यायची न्हाय म्हणला हुतास," बजाबाई म्हणाल्या. "घ्यायची न्हाय असं कवा म्हणलास?"

अजिंक्यनं शांतपणे समजावलं, की माणसाची माहिती ज्या कामासाठी घ्यायची, ते त्याला आधी सांगावं लागतं आणि त्याची परवानगी घ्यावी लागते. आपली माहिती त्यानं भाकरी खाताना दिली होती, लग्नासाठी नाही. जिथं जिथं ती गेली तिथून काढून घ्या, आणि काढल्याचा पुरावा आणा. चार वाजता तो निकाल सांगणार होता.

युवराज टेबलावरची मोकळी वायर गुंडाळायला लागला. पुण्याच्या बॅगा भरतानाही त्यानं अशाच वायरी गुंडाळल्या होत्या, हे बजाबाईंना आठवलं आणि त्यांनी पदर खोचला.

पुरावा म्हणजे काय, हे त्यांना तलाठी कार्यालयानं शिकवलं होतं: कागद, त्यावर सही, आणि समोरच्याला पोच. पूनमनं आपलं थोडक्यात लिहिलं, ते त्यांना पटलं नाही. काय विसरायचं ते नीट लिहायला नको? मग कागद असा झाला: 'नातेपुते येथील अजिंक्य, वय एकोणतीस, उंची पाच फूट नऊ, जन्म पहाटे चार वीस, पुण्यात चौथ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट, निर्व्यसनी, यांची माहिती मी आजपासून विसरले आहे.' त्याच्या शंभर झेरॉक्स निघाल्या.

सकाळी अकरानंतर सोलापूरच्या उन्हात कुत्रंही रस्त्यावर उभं राहत नाही. बजाबाई छत्री घेऊन दारोदार हिंडल्या. जेऊरकडच्यांना पूनमनं कागदाचा फोटो पाठवला आणि सही करून परत मागवला. फुलाबाईंनी लगेच सही केली, पण तोवर त्यांनी ते चौघींना सांगून झालं होतं. मग त्या चौघी. कोपऱ्यावरच्या सुंदरम्मांना कुणीच काही सांगितलं नव्हतं.

"कुठला मुलगा विसरायचा?" त्यांनी विचारलं.

विसरायचा कुठला हे सांगितल्याशिवाय बाई विसरणार कशी? बजाबाईंनी सांगितलं. सुंदरम्मांनी सही केली, पोच घडी घालून ठेवली आणि आत जाऊन बहिणीला फोन लावला.

चार वाजता बजाबाईंनी गठ्ठा टेबलावर ठेवला. अजिंक्यनं कागद मोजले.

"काकू, तुम्ही सांगितलं होतं किती जणींना?"

"अकरा."

"ह्या त्रेचाळीस सह्या आहेत."

बजाबाईंनी छाती काढली, आणि मग ती हळूहळू आत गेली. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. एक बोट मिटलं, चार उघडली.

"आणि प्रत्येकीकडे ह्याची एक प्रत आहे?"

"पोच नगं का द्यायला?" आवाज अगदी बारीक आला.

तेवढ्यात अजिंक्यचा फोन वाजला. नातेपुत्याहून आई. ती काय म्हणत होती ते खोलीभर ऐकू आलं: मुली बघायला सोलापूरला जातोस, आणि मला परक्या माणसांकडून कळतं?

त्यानं फोन ठेवला, चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. म्हणाला, ऑडिट तळमजल्याचं होतं. तळमजला चोख आहे. वही तर इतकी चोख, की गळती तिनंच पकडून दिली. सर्टिफिकेटची शिफारस तो करणार होता. फक्त धोक्यांची जी यादी कंपनीला ठेवावी लागते, तिच्यात पहिल्या क्रमांकावर एक नोंद आजच घालायची होती. युवराजनं मुकाट्यानं लिहिलं: पहिला मजला.

अजिंक्य गेला. जाताना त्यानं कडक भाकऱ्यांची पिशवी घेतली, पण वर काही आला नाही.

बजाबाई त्या बोटाच्या कुलपापुढं गेल्या. बोट लावून बघितलं; लाल दिवा लागला. आता काय ऐकायला मिळणार म्हणून युवराज मान खाली घालून उभा होता.

"कुलूप चांगलं आणलंस बाबा," त्या म्हणाल्या. "त्यात खोट न्हाय. पर जागा चुकली तुजी. हे दाराला न्हवं, माज्या तोंडाला बसवायचं हुतं. आन् बोट पूनमचं ठिवायचं."