दुसरा कोण?

मुकादमभाई दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधायचे. दोन्हींत फरक पडला, की समोरच्याला वेळ विचारायचे. खिशात दोन पेनं, पिशवीत दोन छत्र्या. पूर्वी ते जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. तारायंत्राचे दिवस संपले, नोकरी गेली आणि ते रत्नागिरीत आमच्या लहानशा इंटरनेट कंपनीत सर्व्हर सांभाळायला आले. त्यांना काहीही दाखवा, प्रश्न ठरलेला, "दुसरा कोण?"

माझ्या बहिणीच्या लग्नात भटजींकडे बोट दाखवून त्यांनी माझ्या वडलांना विचारलं, "ह्यांना ऐन वेळी उचकी लागली तर दुसरा कोण हाय?" वडील मुळातच घाबरट. त्यांनी खरोखर आणखी एक भटजी आणवले आणि मंगलाष्टकांवरून दोघांची जुंपली.

ऑफिसात मात्र दुसरं काहीच नव्हतं. जिल्ह्यातले सगळे सायबर कॅफे एका मशीनवर, आणि त्या मशीनला एकटे मुकादमभाई. मी फोन घेणारा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

त्यांची बायको, हमीदाभाभी, हर्णेला माहेरी होती. पोटाचा कॅन्सर. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. मुकादमभाई शनिवारी रात्री तिथे पोचायचे आणि रविवारी मशीन बंद पडायचं. मालकांचा फोन गेला, की चहा अर्धा टाकून मिळेल त्या एसटीने परत. असं चार वेळा झालं.

शेवटी भांडून त्यांनी दुसरा सर्व्हर मिळवला. निम्मे कॅफे एकावर, निम्मे दुसऱ्यावर. दोन्ही मशीनं सतत एकमेकांना हाक मारायची. तीन हाकांना ओ आली नाही, की उरलेलं मशीन सगळं काम अंगावर घ्यायचं. तपासायला त्यांनी स्वतःच पहिल्याची वायर उपटली. आम्ही फोनकडे बघत बसलो. अर्ध्या तासात एकही तक्रार आली नाही. मुकादमभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याची थट्टा केली. अजून लाज वाटते.

त्याच दुपारी ते हर्णेला गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही सर्व्हर एकदमच बंद पडले. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला जोडी शोधणाऱ्या माणसाने दोन्ही वायरी एकाच यूपीएसमध्ये खुपसल्या होत्या, आणि त्याची बॅटरी फुगली होती. कॅफेवाले शिव्या घालत होते. मालक म्हणाले, "बोलाव त्याला." तेवढ्यात मुकादमभाईंचाच फोन आला, हर्णेच्या बूथवरून.

"साळवी, सगळा ठीक हाय?"

"एकदम! तुम्ही बिनघोर राहा," मी मालकांकडे पाठ करून म्हणालो.

ते म्हणाले, "बूथच्या बाजूलाच सायबर हाय. सकाळपासना बंद. मना म्हायती हाय."

मी आवाज खाली आणला. "मग... येताय?"

"नाय. आठ दिस तिनं कायव खाल्लं नव्हतं. आता पेज मागितलीय. माज्या हातची. बंद तर बंद राहू दे."

फोन ठेवला, तर मालक डोक्यावर उभे. "निघाला का?"

"एसटी चुकली म्हणाले," मी म्हटलं.

भाभी दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. मुकादमभाई जवळ होते, एवढं तरी झालं.